पोर्टलला डिरेक्टरी जोडताना फॉर्म शेवटी भरा

संस्थेचे अंतर्गत पोर्टल नवे असते तेव्हा वापरकर्त्यांची यादी त्याच्या पोटातच ठेवलेली असते. माणसे थोडी असतात तोवर हे खपून जाते. मग कोणीतरी नोकरी सोडते. ईमेल त्याच दिवशी बंद होतो, पोर्टलवरचे खाते मात्र तसेच उघडे राहते आणि कोणाच्या ध्यानीमनीही नसते. इकडे बाकीचे लोक ईमेलचा एक, पोर्टलचा एक, हजेरीचा एक असे तीन-तीन पासवर्ड सांभाळत बसतात. यावरचा रूढ उपाय म्हणजे पोर्टलची स्वतःची यादी मोडीत काढायची आणि प्रत्येक लॉगिनला त्याला संस्थेच्या डिरेक्टरी सर्व्हरकडे, म्हणजे सगळ्यांची खाती एकाच जागी ठेवणाऱ्या सर्व्हरकडे, चौकशी करायला लावायची.

त्यासाठी पोर्टलच्या ॲडमिन पानावर एक फॉर्म असतो. सर्व्हरचे नाव, पोर्ट, बेस डीएन, फिल्टर असे दहा-पंधरा रकाने. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण फॉर्ममध्ये एक चूक असो की पाच, पडद्यावर एकच ओळ उमटते: लॉगिन अयशस्वी. म्हणून या लेखात क्रम उलटा धरला आहे. प्रत्येक टप्पा आधी पोर्टलच्या बाहेर तपासायचा, खात्री पटलेली मूल्ये टिपून ठेवायची आणि फॉर्म अगदी शेवटी भरायचा.

पासवर्ड पोर्टल तपासत नाही

डिरेक्टरीशी बोलायची भाषा म्हणजे एलडॅप. १९८८ च्या एक्स.५०० या जडजंबाल मानकाला हलका पर्याय म्हणून मिशिगन विद्यापीठात ती घडली आणि १९९३ मध्ये तिचे पहिले मानक निघाले. आज सर्वत्र चालते ती तिसरी आवृत्ती १९९७ ची. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी असो वा मुक्त स्रोत असलेले ओपनएलडॅप, दोन्ही डिरेक्टरी सर्व्हरांना हीच भाषा कळते.

डिरेक्टरीतला माहितीसाठा झाडासारखा असतो. प्रत्येक नोंदीचा मुळापर्यंतचा पूर्ण पत्ता म्हणजे तिचा डीएन. उदाहरणार्थ: सीएन=वापरकर्ता१,ओयू=लेखा,डीसी=उदाहरण,डीसी=कॉम. यात सीएन म्हणजे नाव, ओयू म्हणजे विभागाची फांदी आणि डीसी म्हणजे डोमेनच्या नावाचा तुकडा. प्रत्यक्षात ही सगळी नावे रोमन लिपीत टाइप होतात. पत्ता डावीकडून उजवीकडे, लहानाकडून मोठ्याकडे वाचायचा. हा पत्ता वापरकर्त्याला पाठ नसतो, तो फक्त लॉगिननाव टाइप करतो. पोर्टलचे निम्मे काम या नावावरून पत्ता शोधण्याचेच असते.

लॉगिनचे बटण दाबल्यावर पडद्यामागे असे घडते. पोर्टल आधी स्वतःच्या एका सेवाखात्याने डिरेक्टरीत शिरते. या शिरण्याला बाइंड म्हणतात. मग ठरलेल्या फांदीखाली (तिचा पत्ता म्हणजे बेस डीएन), ठरलेल्या फिल्टरने, म्हणजे शोधाच्या अटींनी, टाइप केलेल्या नावाची नोंद शोधते. नेमकी एक नोंद सापडली तर तिचा डीएन घेते आणि तो डीएन व वापरकर्त्याने दिलेला पासवर्ड वापरून दुसरा बाइंड करून पाहते. दार उघडले तर पासवर्ड बरोबर, नाही उघडले तर चूक. म्हणजे पोर्टल पासवर्डाची तुलना कशाशीच करत नाही. किल्ली कुलपाला लावून बघते, इतकेच. त्यानंतर वापरकर्त्याचे गट वाचून त्याला काय काय दिसावे ते ठरते.

शोध, बाइंड आणि गट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी फसतात. तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: तिघांपैकी कोण फसले?

शोध टाळून थेट बाइंड करण्याचीही पद्धत आहे. लॉगिननाव एका साच्यात बसवून डीएन तयार करायचा. सगळे वापरकर्ते एकाच फांदीवर असतील तर हे चालते. पण विभागवार फांद्या असल्या की साचा मोडतो, आणि आज नसल्या तरी उद्या होतात. शोधून बाइंड करण्याची पद्धतच धरावी.

सेवाखाते

पोर्टलसाठी वेगळे खाते काढा. त्याला फक्त वाचण्याचा अधिकार द्या, तोही लागणाऱ्या फांद्यांपुरता. सोय म्हणून डोमेन ॲडमिनचे खाते वापरण्याचा मोह होतो, पण त्याचा पासवर्ड पोर्टलच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जाऊन बसतो. ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती अख्खी डिरेक्टरी पडली.

सेवाखात्याची खरी डोकेदुखी पासवर्डाच्या मुदतीची. इतरांसारखीच ठरावीक दिवसांची मुदत यालाही लागू असेल, तर एके सकाळी सगळ्यांचे लॉगिन एकदम बंद पडते आणि आदल्या दिवशी कोणीच काही बदललेले नसते. शिवाय पोर्टल जुन्या पासवर्डाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, त्यामुळे खाते कुलूपबंदही होते. मग नुसता पासवर्ड दुरुस्त करून भागत नाही, कुलूपही काढावे लागते. मुदत काढून टाकणे सुरक्षाधोरणात बसत नसेल तर दोन सेवाखाती ठेवा आणि आलटून पालटून वापरा. नव्याचा पासवर्ड आधी बदलायचा, पोर्टल त्यावर वळवायचे, मगच जुने थांबवायचे.

जोडणी आणि सर्टिफिकेट

३८९ हा एलडॅपचा साधा पोर्ट. त्यावर साध्या बाइंडने गेलेला पासवर्ड वाटेत कोणालाही उघड वाचता येतो. म्हणून एकतर ६३६ वर सुरुवातीपासून टीएलएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, वापरायचे, नाहीतर ३८९ वरच जोडून लगेच स्टार्टटीएलएसने वाहिनी कूटबद्ध करायची. दोन्ही सुरक्षित आहेत, फक्त एकाची सरमिसळ दुसऱ्याशी करू नका. ६३६ वर स्टार्टटीएलएस मागितले की जोडणी तुटते आणि लॉगमधला संदेश वाचून काहीच उलगडत नाही.

सगळ्यात जास्त वेळ सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला, खाते. पोर्टलने डिरेक्टरी सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायला हवा आणि संस्थेच्या आतले सर्टिफिकेट बहुधा संस्थेच्याच प्रमाणन केंद्राने दिलेले असते, ज्याला पोर्टलचा सर्व्हर ओळखत नाही. इथे घाईत सर्व्हरचेच सर्टिफिकेट पोर्टलच्या विश्वासकोशात, म्हणजे विश्वासू सर्टिफिकेटांच्या साठ्यात, टाकले जाते. त्या दिवशी काम होते. सर्टिफिकेटचे नूतनीकरण झाले की सगळे पुन्हा बंद. टाकायचे ते प्रमाणन केंद्राचे मूळ सर्टिफिकेट, आणि मध्ये दुय्यम केंद्र असेल तर त्याचेही. मग सर्व्हरचे सर्टिफिकेट कितीदाही बदलो.

पोर्टल जावावर चालत असेल तर आणखी दोन गोष्टी. जावासोबत येणाऱ्या मूळ विश्वासकोशात भर घातली तर जावाची आवृत्ती बदलली की ती भर मागेच राहते. विश्वासकोशाची वेगळी फाइल ठेवून तिचा पत्ता जावाला सांगा. दुसरे म्हणजे, जावा ८ च्या १८१ व्या अपडेटपासून ६३६ वरच्या जोडणीत यजमाननाव सर्टिफिकेटशी जुळते का हेही तपासले जाते. त्यामुळे फॉर्ममध्ये आयपी पत्ता किंवा अर्धवट नाव लिहिलेली, वर्षानुवर्षे चाललेली जोडणी जावा अपडेट करताच बंद पडते. तपासणी बंद करण्याची सोय आहे, पण ती वापरू नये. सर्टिफिकेटमध्ये जे पूर्ण नाव आहे तेच फॉर्ममध्ये लिहावे. डिरेक्टरीपुढे लोड बॅलन्सर (अनेक सर्व्हरांत काम वाटणारी यंत्रणा) असेल तर त्याचे नावही सर्टिफिकेटच्या पर्यायी नावांमध्ये असायला हवे.

कमांडलाइनवर तालीम

आता पोर्टलच्याच मशीनवर जा. तुमच्या लॅपटॉपवरून चालणारी जोडणी तिथून फायरवॉलमुळे अडू शकते, म्हणून तालीम तिथूनच हवी. ओपनएसएसएलच्या क्लायंटने ६३६ ला जोडून सर्टिफिकेटची साखळी पूर्ण येते का पाहा. मग एलडॅपसर्च ही कमांड चालवा. आधी फक्त सेवाखात्याने बाइंड करून बेस डीएनची एकच नोंद मागा. ती आली म्हणजे नाव, पोर्ट, सर्टिफिकेट, सेवाखाते आणि बेस डीएन अशा पाच गोष्टी एका दमात सिद्ध झाल्या. मग फिल्टर देऊन एका चाचणी वापरकर्त्याची नोंद शोधा. नंतर सापडलेल्या डीएनने आणि त्या वापरकर्त्याच्या पासवर्डने बाइंड करा. तिन्ही पावले पोर्टल जे करणार तेच करतात, फरक एवढाच की इथे चूक झाली तर तिचा खरा क्रमांक दिसतो.

एलडॅपसर्च सर्टिफिकेटवर विश्वास ठेवताना कार्यप्रणालीचा किंवा स्वतःचा कोश बघते, जावा स्वतःचा. तेव्हा कमांड चालली आणि पोर्टल चालले नाही, तर संशय आधी विश्वासकोशावर घ्या.

फिल्टर आणि बेस

फिल्टरमध्ये दोन अटी हव्यात: नोंद माणसाची आहे आणि लॉगिननाव जुळते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत संगणकाची नोंदही यूझर याच वर्गातून निघालेली असते, त्यामुळे नुसती यूझर वर्गाची अट लावली तर संगणकही यादीत येतात. ऑब्जेक्टकॅटेगरी पर्सन ही अट जोडली की ते गळतात.

लॉगिननाव कोणत्या ॲट्रिब्यूटमधून (नोंदीतल्या रकान्यातून) घ्यायचे, हा निर्णय आधीच करा. सॅमअकाउंटनेम आटोपशीर आहे, पण वापरकर्त्यासाठी त्याची मर्यादा २० अक्षरांची, म्हणून लांब नावे छाटलेली असतात. यूझरप्रिन्सिपलनेम ईमेलसारखे दिसते आणि लोकांना ते ईमेलच वाटते, पण दोन्ही सारखी असतीलच असे नाही. दोन्ही चालावीत म्हणून फिल्टरमध्ये 'हे किंवा ते' घालता येते. मग एका नावाला दोन नोंदी सापडण्याची शक्यता उरते, आणि तेव्हा पोर्टलने लॉगिन नाकारायलाच हवे. पहिली सापडलेली नोंद गुपचूप उचलणारे पोर्टल धोकादायक आहे.

बंद खाती वगळायची असतील तर यूझरअकाउंटकंट्रोल बघावे लागते. साधे चालू खाते ५१२ आणि बंद खाते ५१४, म्हणून ५१४ नसलेली खाती मागणारे फिल्टर सर्रास दिसते. ते चुकीचे आहे. हा आकडा म्हणजे बिटांची बेरीज आहे. पासवर्ड कधीच न संपणारे खाते ६६०४८ असते आणि ते बंद केले की ६६०५० होते, जे त्या फिल्टरच्या हातून सुटते. बरोबर मार्ग म्हणजे १.२.८४०.११३५५६.१.४.८०३ हा बिट तपासणारा नियम वापरून २ चा बिट लागलेला आहे का ते पाहणे. लॉगिनला याची गरज कमीच, कारण बंद खात्याचा बाइंड तसाही फसतो. पण पोर्टल वापरकर्त्यांची यादी ओढून ठेवत असेल तर गरज भासतेच.

बेस डीएन फार खाली धरला तर नव्या विभागातली माणसे सापडत नाहीत. फार वर, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीत थेट मुळाशी धरला, तर उत्तरासोबत 'पुढचे तिकडे विचारा' असे निर्देश येतात. त्यांना रेफरल म्हणतात. पोर्टल त्यामागे जाते, ती नावे त्याला सापडत नाहीत आणि लॉगिन अर्धा मिनिट लटकते. रेफरलकडे दुर्लक्ष करायला सांगा, किंवा अनेक डोमेन असतील तर ग्लोबल कॅटलॉगच्या, म्हणजे सगळ्या डोमेनांच्या नोंदींच्या एकत्र यादीच्या, ३२६८ किंवा टीएलएससह ३२६९ या पोर्टवर शोधा. मात्र कॅटलॉगमध्ये सगळे ॲट्रिब्यूट नसतात, आणि गटांची सदस्ययादी फक्त युनिव्हर्सल, म्हणजे सगळ्या डोमेनांत चालणाऱ्या, गटांचीच तिथे पोचते.

दोन भोके

पहिले रिकाम्या पासवर्डाचे. डीएन दिला आणि पासवर्ड रिकामा सोडला, तर एलडॅपच्या नियमाप्रमाणे तो अनामिक बाइंडसारखा धरला जातो, आणि तो मान्य करणारा सर्व्हर 'यशस्वी' असे उत्तर देतो. पोर्टलने त्या उत्तरावर विश्वास ठेवला की कोणाच्याही नावाने पासवर्डाशिवाय आत जाता येते. मानकातही क्लायंटने रिकामा पासवर्ड सर्व्हरकडे जाऊच देऊ नये असे बजावले आहे. तुमचे पोर्टल हे पाळते का, ते स्वतः रिकामा पासवर्ड टाकून बघा.

दुसरे फिल्टरमध्ये घुसवण्याचे. लॉगिननावात तारका किंवा कंस टाकून फिल्टरचा अर्थच बदलता येतो. तारका, दोन्ही कंस, उलटी तिरपी रेघ आणि शून्य बाइट यांच्या जागी उलटी तिरपी रेघ व त्या चिन्हाचा दोन अंकी षोडशमान कोड जायला हवा: तारकेसाठी २ए, उघडत्या कंसासाठी २८, मिटत्यासाठी २९. चांगले पोर्टल हे आपणहून करते. स्वतः लिहिलेले लॉगिन मॉड्यूल असेल तर नुसती तारका टाकून बघा. उत्तरात ढीगभर नोंदी आल्या तर भोक आहे.

माणूस ओळखायचा कशाने

लॉगिन झाल्यावर पोर्टल त्या माणसाची आतली नोंद डिरेक्टरीतल्या नोंदीशी कशाच्या आधारे जोडते? इथली चूक लगेच दिसत नाही, वर्षभराने दिसते. डीएन धरला तर बदली होऊन फांदी बदलली की तो माणूस नवा ठरतो आणि त्याची जुनी कागदपत्रे अनाथ होतात. लॉगिननाव धरले तर आडनाव बदलल्यावर तीच गत. त्याहून वाईट म्हणजे सोडून गेलेल्या माणसाचे लॉगिननाव पुढे दुसऱ्याला मिळाले, तर पहिल्याचे सगळे अधिकारही त्याला फुकटात मिळतात.

धरायचा तो कधीच न बदलणारा क्रमांक: ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ऑब्जेक्टजीयूआयडी, ओपनएलडॅपमध्ये एंट्रीयूयूआयडी. पहिला १६ बाइटांचा बायनरी असतो, पोर्टलने तो मजकूर समजून वाचला तर कचरा साठवला जातो. म्हणून जोडणीच्या फॉर्ममध्ये त्याला बायनरी म्हणून खूण करावी लागते. आणखी एक किरकोळ पण नेहमीची खोड: लॉगिननावात डिरेक्टरी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद करत नाही, काही पोर्टल करतात. मग एकाच माणसाची दोन प्रोफाइल तयार होतात. नाव साठवण्याआधी लहान अक्षरांत बदलायचा पर्याय असेल तर तो लावा.

गट

मेंबरऑफ हे ॲट्रिब्यूट वाचले की गट मिळाले, अशी समजूत असते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत त्यात प्राथमिक गट, म्हणजे बहुधा डोमेन यूझर्स, येतच नाही, आणि गटाच्या आतल्या गटातून मिळालेले सदस्यत्वही येत नाही. एखाद्याला पोर्टलवर काहीच दिसत नाही आणि तुम्ही मात्र तो गटात आहे हे डोळ्यांनी पाहत असता, तेव्हा तो बहुतेक दुसऱ्या गटामार्फत आत आलेला असतो. साखळी उलगडणारा १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ हा नियम आहे, पण मोठ्या डिरेक्टरीत तो संथ चालतो. ओपनएलडॅपमध्ये मेंबरऑफसाठी वेगळे ओव्हरले (जोड-मॉड्यूल) चालू करावे लागते. ते आधीपासूनच्या सदस्यत्वांना लागू होत नाही, चालू केल्यानंतर झालेल्या बदलांनाच होते. त्यामुळे जुने सदस्य काढून पुन्हा घालावे लागतात.

मोठ्या संस्थेत आणखी दोन मर्यादा आडव्या येतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरी एका शोधाला मूळ सेटिंगप्रमाणे १००० नोंदी देते, आणि गटाच्या सदस्ययादीतली १५०० मूल्ये एका वेळी. समक्रमणानंतर, म्हणजे डिरेक्टरीतून यादी ओढल्यावर, पोर्टलवर बरोबर १००० वापरकर्ते दिसले तर तो योगायोग नव्हे, पानापानाने मागण्याचा पर्याय बंद आहे.

सोपा सल्ला असा: पोर्टलसाठी वेगळे, सपाट, थोडेच गट करा आणि पोर्टलमधल्या भूमिका त्यांनाच जोडा. विभागांच्या फांद्यांवरून अधिकार ठरवले की प्रत्येक पुनर्रचनेत ते मोडतात.

आकड्यांची भाषा

एरर क्रमांक ४९ म्हणजे बाइंड नाकारला. ॲक्टिव्ह डिरेक्टरी त्यासोबत डेटा नावाचा उपक्रमांकही देते आणि खरी बातमी तिथे असते. ५२ई म्हणजे पासवर्ड किंवा नाव चूक, ५३२ मुदत संपलेला पासवर्ड, ५३३ बंद खाते, ७०१ खात्याचीच मुदत संपली, ७७३ पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलणे बाकी, ७७५ कुलूपबंद. नव्या कर्मचाऱ्यांचेच लॉगिन होत नसेल तर ७७३ शोधा.

३२ म्हणजे बेस डीएन अस्तित्वात नाही, बहुतेकदा ओयू आणि सीएन यांची अदलाबदल. ३४ म्हणजे डीएनचे व्याकरणच चुकले. ८ म्हणजे सर्व्हरला अधिक सुरक्षित जोडणी हवी आहे, ३८९ सोडून टीएलएसवर या. ४ म्हणजे नोंदींची मर्यादा ओलांडली.

आता फॉर्म

फॉर्म उघडण्याआधी कॉन्फिगरेशनची प्रत काढा आणि पोर्टलचे एक स्थानिक ॲडमिन खाते डिरेक्टरीबाहेर ठेवा. काही पोर्टल सर्व्हर सुरू होतानाच डिरेक्टरीशी जोडतात. चुकीचे मूल्य जतन झाले तर ते सुरूच होत नाहीत, आणि ॲडमिनही डिरेक्टरीतलाच असेल तर आत जाऊन दुरुस्त करायला कोणी उरत नाही.

मग टिपलेली मूल्ये भरा. सर्व्हर दोन द्या, एक बंद पडला तर दुसरा. कालमर्यादा स्वतः लिहा: जोडणीसाठी ३ ते ५ सेकंद, उत्तरासाठी १० च्या आसपास. जावाच्या एलडॅप क्लायंटला मर्यादा दिली नाही तर तो उत्तराची वाट अनंतकाळ पाहतो, आणि पोर्टलचे सगळे धागे (थ्रेड) एकामागून एक त्यात अडकून पडतात. ही मूल्ये मिलिसेकंदात असतात. ५ लिहिले तर पाच हजारांश सेकंद होतो आणि काहीच जोडले जात नाही. जोडण्या साठवून ठेवणारा पूल असेल तर निष्क्रिय जोडणी सोडण्याची वेळ फायरवॉलच्या वेळेपेक्षा कमी ठेवा. ॲक्टिव्ह डिरेक्टरी स्वतः ९०० सेकंदांनी निष्क्रिय जोडणी तोडते. सकाळी पहिल्या माणसाचे लॉगिन फसते आणि दुसऱ्याचे होते, याचे कारण बहुधा रात्रभरात मेलेली जोडणी.

जतन केल्यावर बरोबर पासवर्ड, चुकीचा, रिकामा, बंद खाते, मुदत संपलेले खाते, गटातल्या गटातला माणूस आणि कोणत्याच गटात नसलेला माणूस अशा सात लॉगिनांची चाचणी घ्या. पहिला डिरेक्टरी सर्व्हर मुद्दाम थांबवून तीच चाचणी पुन्हा करा. आणि एक आठवी: चाचणी वापरकर्ता पोर्टलवर आत असतानाच त्याचे खाते डिरेक्टरीत बंद करा आणि त्याचे सत्र किती वेळ चालू राहते ते घड्याळ लावून मोजा. ते लगेच तुटणार नाही, कारण पोर्टल डिरेक्टरीला विचारते ते लॉगिनच्या वेळी. जो आकडा मिळेल तो सत्राच्या कालमर्यादेतून आणि गटांच्या कॅशमधून (पोर्टलने साठवलेल्या प्रतीतून) येतो. तुमच्या सुरक्षाधोरणाला तो चालत नसेल, तर या दोन मर्यादा कमी करा.